उजवीकडची फळी

ता. ५ ऑगस्ट १९७४
आज ढोकवाडीच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रुजू झालो. शिरूरहून येष्टीनं मांडवगण फराटा, तिथून पुढं हौसराव पाटलांच्या बैलगाडीतून. गाडीवान वाटभर विचारत होता, सुई लई दुखती का? म्हणालो, टोचणाऱ्याला न्हाई दुखत. तो असा खदाखदा हसला की बैलच बुजले.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, मागं राहायला एक. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी शिरूरहून फटफटीवर येतात. बाकीचे दिवस राज्य माझं! हाताखाली अनसाबाई नावाची आया आहे. वय साठीचं, जीभ विशीची.

आल्या आल्या औषधांच्या मोठ्या बाटल्या लावून घेतल्या. डावीकडच्या फळीवर प्यायची औषधं, उजवीकडच्या फळीवर अंगाला लावायची. दोन औषधं दिसायला अगदी सारखी, दुधासारखी पांढरी. एक पोटाचं, दुसरं सांधेदुखीवर चोळायचं, टर्पेंटाइन आणि कापराचं. म्हणून ही शिस्त. सगळ्यांवर माझ्या वळणदार अक्षरात नावं लिहून डकवली आणि उगाचच दोनदा वाचून पाहिली.

आमच्या आबांना अजून अंगठा उठवावा लागतो. कवठे येमाईत त्यांनी मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं. घरात पगार खाणारा पहिला माणूस मी. फार बरं वाटलं आज.

ता. १९ ऑगस्ट
बायको आली, ललिता. तिसरा महिना आहे, तरी आल्या आल्या खोली सारवून काढली. बाई सातवी पास आहे, म्हणून माझ्या बाटल्या वाचून माझीच परीक्षा घेते.

डोकं मात्र ठणकतं. दाराच्या चौकटीवर उजवा खांदा आपटायची सवयच लागली आहे. अनसाबाई उजवीकडून आली की भिंतीतून निघाल्यासारखी एकदम पुढ्यात उभी राहते. मी दचकतो आणि ती म्हणते, नव्या नवरीवानी काय लाजता? आज खोलीत एकटा असताना वाटलं, उजव्या हाताला कुणीतरी उभं आहे. वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

ता. ३ सप्टेंबर
डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मला ती वाचता येईना. अक्षरं दिसतात, काळी, ठळक, पण कुठली ते कळत नाही. मोडी असावी की कानडी! वाटलं, डॉक्टरांचं अक्षरच तसलं. म्हणून माझं कालचं रजिस्टर उघडलं. तेही तसंच. माझं स्वतःचं अक्षर! आणि लिहायला मात्र सगळं येतं. हे लिहितोच आहे. वर काय लिहिलं ते विचारू नका.

डॉक्टरांना डोळे दुखतात एवढंच सांगितलं. त्यांनी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली.

ता. १० सप्टेंबर
दौंडला जाऊन गाडी धरली, पुण्याला जाऊन आलो. मोठे डॉक्टर भला माणूस. डोळ्यांत बॅटरी टाकली, बोटं हलवून दाखवली. उजवीकडचं एकही बोट मला दिसलं नाही. मग कागदावर मेंदू काढला, अक्रोडासारखा. म्हणाले, डोळे चांगले आहेत. पाहतो तो मेंदू, त्याची मागची बाजू. तुमची डावी मागची बाजू दबली आहे, म्हणून उजवीकडचं जग गेलं. डावीकडचं दिसतं, पण ते अक्षरं ओळखणाऱ्या जागेपर्यंत जायचा पूल खचला आहे. लिहिणारी जागा वेगळी, ती शाबूत आहे. म्हणून लिहिता येतं, वाचता येत नाही.

आत बहुतेक गाठ असावी. ऑपरेशन केलं तर दहांतला एखादा वाचतो. नाही केलं तर गाठ वाढेल, पुढं वासाची, आठवणीची जागा आहे. उद्याच काम सोडा, औषधांना हात लावू नका, हे त्यांनी तीनदा सांगितलं. आमच्या डॉक्टरांना द्यायला बंद पाकीट दिलं.

दौंड स्टेशनवर ते पाकीट फाडून टाकलं. आबांना काय तोंड दाखवू? वाचता येतं म्हणूनच माझा पगार आहे.

ता. २२ सप्टेंबर
ललिताला कळलं. आबांचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. तिच्याकडे दिलं, म्हणालो, तूच वाच, तुझ्या तोंडून गोड लागतं. ती वाचता वाचता थांबली, पत्र माझ्यापुढं धरलं, म्हणाली, पुढचं तुम्ही वाचा. मग रडली. मीही रडलो, का खोटं बोलू?

आजपासून ती शिवण घेऊन दवाखान्यात बसते. डॉक्टरांची चिठ्ठी आली की टाका घालता घालता हळूच वाचून दाखवते. अनसाबाई म्हणते, काय बाई हे जोडपं, घटकाभर इसंबत न्हाई! पोर होईपर्यंत असंच ढकलायचं ठरलं. बाटल्यांसाठी फळ्या आहेतच. डावी प्यायची, उजवी लावायची. उजवीकडं मान पूर्ण वळवावी लागते, एवढंच.

सोमवार असावा
नाकात सारखा करपल्या दुधाचा वास. चूल थंड आहे, तरी वास. ललिताला येत नाही. म्हणजे गाठ पुढं सरकली. उजवीकडचा तो उभा असतोच. तो कुणी नाही हे मला कळतं. कळून काय होतं?

खंडेनवमी
अनसाबाईनं परवानगी मागितली, आज हत्यारांची पूजा, सुया-कात्री, तराजू, बाटल्या सगळं मांडते म्हणाली. आम्ही बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेले. म्हणालो, तुमचं तुम्ही करा, आम्ही घरात बसतो.

ललिताला सकाळपासून मळमळ, पोटात आग. दुपारी जाऊन डावीकडच्या फळीवरची पांढरी ओतून आणली. पाव पेला दिली. ती म्हणाली, घसा लई जळतो हो. म्हणालो, औषध आहे, श्रीखंड नव्हे. नाक दाबून प्यायली. चार तासांनी पुन्हा पाव पेला.

खंडेनवमी, दिवेलागण
उलट्या थांबेनात. हातपाय गार. पळत जाऊन ती मोठी बाटलीच आणली, तिच्या डोळ्यांपुढं धरली. म्हणालो, वाच, हे पोटाचंच ना? तिनं वाचलं. माझ्याकडं बघितलं. मग हसली आणि म्हणाली, व्हय, पोटाचंच. बरोबर दिलंत.

जीव भांड्यात पडला. डॉक्टरांना निरोप धाडला नाही. धाडला असता तर ते बाटली बघणार, रजिस्टर बघणार—

दसरा, सकाळ
अनसाबाई सोनं द्यायला आली. उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, टरपेंटाइन कुनी सांडलं? मला वास नाही. मला फक्त दूध—

बाटली तिच्या नाकाशी धरली. तिनं तोंडात पदर कोंबला. मग बोलली. पूजा झाल्यावर तिनं बाटल्या घासून पुसून परत लावल्या. उंच एकीकडं, बुटक्या एकीकडं. नीट दिसावं म्हणून. तिला कुठं वाचता येतं? मलाही कुठं—

हौसराव पाटलांची गाडी शिरूरला डॉक्टरांना आणायला गेली. बैल. सण. दुपार होईल.

पहाटेच तिला दोनदा झटका आला. मी पाय धरून बसलो होतो. गरोदरपणाचं असेल म्हणत होतो! गाढव! गाढव मी!

दसरा, थोड्या वेळानं
ललिता आता शुद्धीवर आहे. विचारलं, खोटं का वाचलंस गं? म्हणाली, वाटलं, उलटीत सगळं पडून गेलं. आन् तुमची नोकरी ऱ्हाईल.

म्हणते, पुलिस येतील. वही आणा. मी सांगते तसं लिहा. खाली मी सही करते. मी नाही म्हणालो. तिनं पोराची शप्पत घातली. आवाज अगदी बारीक. ती एकेक शब्द सांगतेय, तेवढाच मी लिहितोय.

मी, ललिता ज्ञानदेव ओव्हाळ, वय वीस, राहणार ढोकवाडी, राजीखुशीनं लिहून देते की पांढरं औषध मी कुणाला न विचारता माझ्या हातानं घेतलं. बाटलीवरचं नाव मी वाचलं नाही. यात माझे मालक ज्ञानदेव म्हाळू ओव्हाळ यांची काही