सातवा नियम, रुख्मिणी आणि माझी मिळकत

मी, महिपत भगवंतराव गुंजकर, वय वर्षे एकसष्ट, पूर्वीचा धंदा जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर कारकुनी, हल्लीचा धंदा घरी बसून चहा मागणे, मूळचा मुधोळकडचा, हल्ली राहणार आदिलाबाद, आज पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या अक्षरात, कोणाच्या दाबाखाली किंवा भिडेखाली न येता, माझ्यामागे कोणाला काय द्यायचे ते लिहून ठेवत आहे. प्रकृती बरी आहे. थोडा रक्तदाब आहे, तो बायकोला सांगितलेला नाही. हा कागद ती वाचेल तेव्हा तिच्या रागाचा मला त्रास होणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हटल्यास ते खोटे समजावे.

कलम १. माझे आदिलाबादचे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, मागच्या वांग्यांच्या वाफ्यासह, माझी पत्नी मनकर्णा हिला मिळावे. तिच्या पश्चात मुलगी रुख्मिणी हिला. पोस्टातली शिल्लकही याच क्रमाने. रुख्मिणी ही मनकर्णाची पहिल्या घरची मुलगी. मी तिचा जन्मदाता नाही, बाप आहे. कचेरीत कोणी याचा अर्थ विचारला तर त्याला पुढचे कलम वाचायला द्यावे.

कलम २. कामगार आरोग्य-विमा फंडाच्या नियमांची माझ्या हातची वही फंडाला परत द्यावी. सातव्या नियमाच्या पानावर खाडाखोड आहे. ते पान कोणी पुन्हा स्वच्छ लिहून काढू नये. कारण सांगतो.

सन १९७९ मध्ये आमच्या कारखान्यातल्या कामगारांनी हा फंड काढला. दर महिन्याला पगारातून दोन रुपये कापायचे आणि ज्याच्या घरी आजारपण येईल त्याचा दवाखान्याचा खर्च त्यातून द्यायचा. चिटणीस मी. सतरा नियम मीच लिहिले आणि मला त्यांचा फार अभिमान होता. सातवा असा होता: ‘अर्जात डॉक्टरने दिलेले रोगाचे नाव असावे. जन्मापासूनच्या व्यंगासाठी मदत मिळणार नाही.’

१९८७ च्या हंगामात मनकर्णाचा अर्ज आला. ती तेव्हा कवडी, म्हणजे डागी कापूस, वेचून बाजूला काढण्याच्या कामावर होती. नवरा हमाल होता, तो दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला होता. सहा वर्षांची मुलगी बोलत नव्हती, हाक मारली तर वळून पाहत नव्हती, सरकी काढायचे जिन-यंत्र सुरू झाले की कान दाबून भिंतीला डोके लावून बसायची. रोगाचा रकाना कोरा होता. मी ‘नामंजूर’ असे लिहिले.

ती दुसऱ्या दिवशी काट्यापाशी आली.

“काऊन नामंजूर, साहेब?”

“रोगाचं नाव नाही.”

“नाव मालूम असतं तर तुमच्याकडं काऊन आली असती? नाव हुडकायलाच तं मदत मागून राह्यली. तुमी म्हणता, आधी नाव आणा.”

घरी जाऊन मी सातवा नियम पुन्हा वाचला. अक्षर सुंदर होते. दुसरे काही चांगले त्यात सापडेना. तिसऱ्या दिवशी ‘ना’ खोडून मी ‘निदानासाठी मंजूर’ केले, कोणालाही न विचारता, आणि तिला तेलुगू येत नव्हते म्हणून दुभाषा या नात्याने स्वतःच हैदराबादच्या बसमध्ये बसलो.

तिथल्या डॉक्टरबाई दोन दिवस जमिनीवर बसून रुख्मिणीबरोबर रिकाम्या आगपेट्यांशी खेळल्या. मग त्यांनी नाव सांगितले: ऑटिझम. मी ते लिहून घ्यायला पेन उघडले, तर बाई म्हणाल्या, “हा रोग नव्हे. मुलीची घडणच वेगळी आहे, जन्मापासून. याला गोळी नाही. शिकवणं आहे, आणि आधी आईला शिकावं लागेल.” म्हणजे माझ्या नियमाचे दोन्ही भाग एकदमच मोडले: रोग नाही, आणि आहे ते जन्मापासूनचे.

मी परतीच्या बसमध्ये कपाळाला हात लावून बसलो होतो. मनकर्णा मात्र खिडकीतून बाहेर पाहत हसत होती. मी कारण विचारले. ती म्हणाली, “सासू म्हणे, तू ग्रहण पाह्यलं. जाऊ म्हणे, तू पोरीला उन्हात टाकलं. सहा वर्सं मी मोजून राह्यली, माझं काय चुकलं. काईच नाही चुकलं, साहेब.” वाटेत निर्मल गावच्या थांब्यावर तिने मला आणि मुलीला भजी घेऊन दिली. पैसे तिनेच दिले, मला देऊ दिले नाहीत.

मग शिकवण्याच्या खर्चाचा अर्ज सर्वसाधारण सभेपुढे आला. अध्यक्ष लक्ष्मणराव जे म्हणाले ते नियमाला धरूनच होते: “डॉक्टरच म्हणते रोग नाही, मंग आपण विमा कायचा द्यावा? उद्या ज्याला त्याला शिकवणी लागंल.” तेव्हा कवडी वेचणाऱ्या बायका दारात उभ्या राहिल्या. बायका सभेला येत नसत, पण दोन रुपये त्यांचेही कापले जात. त्यांच्यातली कुसुमबाई म्हणाली, “अध्यक्षसाहेब, तुमच्या पोराचा पाय मोडला तवा पलस्तराचे पैसे फंडानं दिले. मंग त्याला चालायला शिकवलं त्या मालिशवाल्याचे बी दिले. पाय शिकतो ते चालते, जीभ शिकते ते नाही चालत?”

लक्ष्मणरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “हात वर करा.” आणि पहिला हात त्यांनीच वर केला. मी हात मोजताना तीनदा चुकलो. काट्यावर अकरा वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो. त्या सभेत मी लिहिले: ‘निदान हा उपचाराचाच भाग समजावा. जिथे शिकवण्यानेच फरक पडतो तिथे शिकवणे हेच औषध समजावे.’ माझ्या हातून लिहिले गेलेले हे सर्वांत चांगले वाक्य आहे. त्या आधारावर पुढे आणखी चार मुलांना मदत मिळाली.

कलम ३. चित्रांचे पत्ते भरलेला बिस्किटांचा डबा फंडाच्या कपाटात ठेवावा, पुढच्या मुलांना लागेल. हैदराबादेत आई शिकून आली की घरी मुलीने बोट ठेवून मागायला चित्रे लागत: पाणी, भाकर, झोप, नको. ती काढायला मी दर गुरुवारी मनकर्णाच्या खोलीवर जाऊ लागलो. माझी गाय म्हशीसारखी येते, पण रुख्मिणीने कधी तक्रार केली नाही. नवव्या वर्षी तिने पहिला शब्द उच्चारला, “नको.” मी तिला पालक भरवत होतो. आम्ही दोघांनी तो पालक आनंदाने फेकून दिला.

१९९० च्या एका गुरुवारी मनकर्णा म्हणाली, “लोक बोलून राह्यले, साहेब.”

मी म्हणालो, “बोलू द्या.”

“तसं नाही. मी म्हणते, खोटं बोलून थकले असतील. त्यांला खरं काई तरी द्या बोलायला.”

मी बावन्न वर्षांचा ब्रह्मचारी. मला हे समजायला चहा संपेपर्यंत वेळ लागला. पुढच्या महिन्यात आम्ही नोंदणी कचेरीत लग्न केले.

कलम ४. गावाकडची माझ्या वाट्याची साडेतीन एकर जमीन मनकर्णाला, नंतर रुख्मिणीला मिळावी. कसणारा माझा पुतण्या सुधाकर राहील आणि आजवरच्याप्रमाणे अर्धी ज्वारी, अर्धा कापूस इमानाने घरी पोचवील. तो चांगला मुलगा आहे. माझी लुना त्याला द्यावी; पायडल मारल्याशिवाय सुरू होत नाही.

त्याचे वडील, माझे थोरले बंधू, लग्नाला आले नाहीत. “येड्या पोरीसकट बायको आणली,” असे त्यांनी गावभर सांगितले. त्यांच्यासाठी मी माफी ठेवून जात आहे. ती घ्यायची तर त्यांनी स्वतः आमच्या घरी यावे आणि रुख्मिणीच्या हातचा चहा प्यावा. ती तीन चमचे साखर घालते. कमी कर म्हटले तरी करत नाही. दादांनी पूर्ण कप प्यावा.

कलम ५. रुख्मिणी आता अठरा वर्षांची आहे. कानांत कापूस घालून ती अर्धा दिवस आईशेजारी कवडी वेचते आणि तिच्या नजरेतून डाग सुटत नाही. तिचे दोन रुपये तिच्याच पगारातून कापले जातात. ते पाहायला पहिल्या पगाराला आम्ही दोघे खिडकीपाशी उभे होतो. आम्हा दोघांनंतर तिची देखरेख सुधाकर व त्याची पत्नी प्रयागबाई यांनी करावी. दोघांनी कबूल केले आहे. तिला या घरातून हलवू नये. तिला काय हवे ते तिलाच विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. उत्तर उशिरा येते, पण येते.

कलम ६. मी गेल्यावर रुख्मिणीला ‘बाबा गावाला गेले’ असे कोणीही सांगू नये. गावाला गेलेला माणूस परत येतो. ती दार उघडे ठेवून बसेल. बाबा मेले, आता येणार नाहीत, असे सरळ सांगावे. मी तिला याची कल्पना गेल्या आठवड्यात दिली आहे. आम्ही वाफ्यापाशी बसलो होतो.

मी म्हणालो, “रुखमे, एक दिवस मी मरणार.”

तिने विचार केला. “सोमवारी?”

“मालूम नाही.”

“सोमवारी नाही. सोमवारी बाजार.”

मी तिला बरे म्हणालो आहे. बाकी सहा वारांची माझी तयारी आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या मनासारखा आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून लक्ष्मणराव व कुसुमबाई यांना मी काहीही देत नाही. दोघांनी समजून घ्यावे.

ठिकाण: आदिलाबाद
तारीख: ६ जुलै १९९९, मंगळवार

(सही) महिपत भगवंतराव गुंजकर

आमच्या समक्ष सही केली. लिहिणारा शुद्धीवर होता आणि मध्येच हसत होता:
१. (सही) लक्ष्मणराव, माजी अध्यक्ष, आरोग्य-विमा फंड
२. (डाव्या हाताचा अंगठा) कुसुमबाई, हल्लीच्या अध्यक्ष, सदर फंड