सकाळच्या सह्या

आबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सांगावं असं पुष्कळ घडलं, पण मी गप्प राहिले, कारण मनात तुमच्याविषयी एक अढी होती. तुम्ही होतात तेव्हा ती बोलून दाखवायची हिंमत झाली नाही, आणि नंतर बोलणार कोणाशी? या आठवड्यात कामावर एक प्रकार घडला. तेव्हापासून जेवण गोड लागत नाहीये, म्हणून आज लिहायला बसले.

मी आता सुरतजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये क्वालिटीची प्रमुख आहे. म्हणजे नक्की काय करतेस, असं तुम्ही विचारलं असतं. उधन्याच्या मिलमध्ये तुम्ही फोल्डिंग खात्यात टेबलाशी उभे राहून रंगून आलेलं कापड तपासायचात ना, तसे तपासणारे सहा जण माझ्या हाताखाली आहेत. ते कापड तपासतात, मी त्यांना तपासते, आणि मला तपासायला माल घेणाऱ्या कंपनीचे ऑडिटवाले येतात. त्यांनाही कोणीतरी तपासत असेलच. कोणाचा कोणावर भरवसा नाही, यालाच आमच्याकडे व्यवस्था म्हणतात. आणि खोटं कशाला बोलू, मला ती मानवते. लोक पाठीमागे मला सीआयडी म्हणतात. कोणी ‘सगळं ओके आहे, मॅडम’ म्हणालं की माझ्या कपाळावर आधी आठी पडते. पाणी कुठेतरी मुरतंय, एवढंच मला पहिल्यांदा सुचतं.

हे तुमच्याकडूनच आलं, दुसरं कुठून येणार? आई डाळ निवडायची आणि तुम्ही ते ताट उचलून दारात उजेडाला न्यायचात, पुन्हा बोटाने चाळायचात. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “मी निवडेल से ना! मना डोया काय फुटनात?” तुम्ही शांतपणे एक खडा काढून तिच्यासमोर धरायचात. म्हणायचात, ज्याने निवडलं त्याला खडा दिसत नाही, दुसऱ्याने बघावं. आई म्हणायची, मग तुम्हीच टाका फोडणी. आज मोठमोठ्या ट्रेनिंगमध्ये हेच वाक्य मी सुटाबुटातल्या माणसांच्या तोंडून ऐकते आणि मनात म्हणते, हे तर आमच्या चुलीजवळचं आहे.

पण मग तो दिवस. मी नववीत होते. तुम्ही डबा घरी विसरलात म्हणून शाळेआधी धावत मिलमध्ये आले. मिलची सकाळची पाळी नुकती सुरू होत होती. तुमचं टेबल रिकामं, कापडाचा एक धागाही आलेला नाही, आणि तुम्ही रजिस्टर उघडून सह्या करताय. एकाखाली एक, पान संपेपर्यंत. तपासलं, ठीक आहे, सही. तपासलं, ठीक आहे, सही. मला बघितलंत आणि रजिस्टर मिटलंत. “इथं काय करतेस? डबा ठेव आणि नीघ.” एवढं तोडून तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. रस्ताभर मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

पुढे दोन-तीन महिन्यांत बाजारातून एक अख्खा लॉट परत आला. कापडावर पट्टे. रजिस्टरमध्ये सही तुमची. शेठने तुम्हाला टेबलावरून काढून गठ्ठे बांधायला लावलं. तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत, जेवलात, झोपलात. चाळीतले लोक येऊन म्हणाले, तुम्हाला बळीचा बकरा केलं, शेठची माणसं तसलीच. आई डोळ्यांना पदर लावून रडली. मी कोपऱ्यात बसून विचार करत होते, चोराच्या मनात चांदणं. बोलत नाही, कारण बोलायला तोंड नाही. आबा, मी तुम्हाला खोटारडे समजले. तुमच्या हातांना सुतळीने पडलेले घट्टे बघूनही मला तुमची दया आली नाही.

आता या आठवड्याचं सांगते. माझ्या त्या सहा तपासणाऱ्यांत एक काका आहेत, नंदुरबारकडचे, सुरतेच्या कोसाडहून रोज येतात. सगळ्यांत जुने. सोमवारी मी पाळीच्या आधीच पोचले, म्हटलं बघू तरी कोण काय करतं. बघते तर काका रिकाम्या टेबलाशी उभे राहून तपासणीच्या कागदांवर सह्या करताहेत. चारही कागदांवर, सगळ्या रकान्यांत, दिवसभराच्या. मी तशीच मागे फिरले, केबिनमध्ये बसले आणि त्यांना टेबलावरून हटवायचा कागद टाइप केला. पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे. असला माणूस टेबलावर ठेवला तर माझी नोकरी जाईल. त्याहून खरं म्हणजे मला पंचवीस वर्षांपासून हवा होता तसा एक माणूस हातात सापडला होता.

पण पुरावा पक्का हवा. म्हणून मागच्या आठवड्यात बाद केलेल्या कापडाचे तीन ताके, म्हणजे तागे, मीच काढले आणि तीन टेबलांवरच्या नव्या मालात गुपचूप घुसवले. रंगात अगदी उन्नीस-बीसचा फरक. संध्याकाळी बघितलं. दोन टेबलांवर ताका पास झाला होता, आणि त्या दोघांच्या सह्या मात्र नियमाप्रमाणे, प्रत्येक ताक्यानंतर, वेळ घालून. काकांच्या टेबलावर तो ताका वेगळा काढून ठेवलेला. मी गेले तसे म्हणाले, “बेन, हा आपल्या लॉटचा नाही. कोणीतरी घुसवलाय.” आणि माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “माणसावर शक आहे तर माणसाला विचारा ना. कापडाला कशाला मध्ये घालता?”

मी पण मग सोडलं नाही. म्हटलं, सकाळी सह्या का करता? ते जराही गडबडले नाहीत. “तुमच्यामुळे. आधी एक कागद होता, तुम्ही आलात आणि चार केलेत. माल मशीनवरून धो धो येतो. कागद भरू की कापड बघू? सह्या सकाळी उरकतो, मग दिवसभर मान वर करत नाही.” मी म्हटलं, आणि खराब निघाला तर? ते म्हणाले, “मग तो रकाना खोडतो. आणि बेन, खोडून तरी काय? बाजूला काढलेला माल संध्याकाळी कोणाच्या फोनवर गाडीत चढतो, ते तुम्हाला माहीत नाही का?”

माहीत आहे, आबा. फोन प्लांट मॅनेजरचा येतो आणि ‘जाऊ द्या’ मी म्हणते. कोणाचं काम काय, हे सांगणारा तक्ता मीच बनवलाय. त्यात तपासणाऱ्याने दोष शोधावा, नोंदवावा, सही करावी असं लिहिलंय. थांबवावं असं कुठेच नाही. केबिनमध्ये परत आले आणि तुमचं जेवताना बोललेलं एक वाक्य आठवलं: आज पाच ताके बाजूला काढले, घरी निघताना बघतो तर परत त्याच गठ्ठ्यात. तेव्हा मला ती बनवाबनवी वाटली होती. तो परत आलेला लॉट तुम्ही बघितला होतात की नाही, कोण सांगणार? मिल बंद पडली, तिथे आता साड्यांची गोदामं आहेत. बघितलाही असेल. नसेलही. पण सकाळच्या सह्यांवरून तुम्हाला फासावर चढवायचा मला काय अधिकार होता? एकदा, फक्त एकदा विचारायचं होतं.

काकांना हटवायचा कागद मी फाडला. चार कागदांचा एक केला आणि तक्त्यात ओळ घातली, तपासणारा स्वतः लॉट थांबवू शकेल. मॅनेजर चिडलाय, ऑडिटचं काय होतं ते बघू. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आईला वाचून दाखवायची छाती नाही, तेव्हा माझ्या खणातच राहील.

पण आबा, तुमच्याशी तरी खोटं नको. काल काका पास केलेला लॉट ठेवून चहाला गेले आणि मी त्यांचे दोन ताके पुन्हा उघडून बघितले. स्वच्छ होते. वर बघितलं तर काका दारात चहाचा ग्लास घेऊन उभे. आल्या पावली परत फिरले. लाजेने मेल्यासारखं झालं. तरी तिथे काकांच्या जागी तुम्ही असतात, तर तुमचेही उघडलेच असते.