व्याह्यांच्या घोडीचं चाटण

॥ श्री ॥

वडनेर भोलजी
गुढीपाडव्याच्या आदल्या हप्त्यात

दुसरबीडचे भूषण, घोड्यायचे पारखी आणि नशिबानं आमचे व्याही झालेले भगवंतराव यांच्या सेवेशी पुंजाजीचा हात जोडून रामराम. इकडे आम्ही समदे बरे आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात ते कळवावं. विहीणबाई मंजुळाबाईले आमच्या घरून नमस्कार. निवृत्ती तुम्हा दोघायच्या पाया पडते (इथूनच पडते, कारण जावयानं सध्या दुसरबीडात तोंड दाखवू नये असं तुम्हीच लिहिलं).

तुमचं पत्र भेटलं. म्या ते एकदा मनातल्या मनात वाचलं, मंग घरच्यायले वाचून दाखवलं, आणि दाखवतानी मधलं अर्धं गाळलं. मुद्दा असा की लग्नात तुम्ही शालूबाईसोबत जी तांबडी घोडी आंदण दिली, ती आमच्या पडितात चरून वाळली आणि लोकायच्या भिंती चाटत हिंडते, हे तुम्हाले इकडे पाव्हणा येऊन गेलेल्या तुमच्या किसनरावानं सांगितलं. ज्या घरी घोडी भिंत खाते, त्या घरी लेक काय खात असन, असं म्हणून संक्रांतीले माहेरी आलेली आमची सून तुम्ही ठेवून घेतली. घोडी अंगानं भरली की लेक पाठवू, तोवर नाही. बरोबर ना? वकिलालेही इतकं चोख लिहिता येत नाही, व्याहीबुवा.

आता किसनराव खोटं बोलला असं मी म्हणत नाही. घोडी भिंत चाटत होती. भिंत आमच्या शेजारच्या कडूबाची, नवीच लिपलेली, आणि घोडीनं तिले असा खोलगा पाडला की कडूबा आता त्यात कंदील ठेवते. पण ती उपाशी होती हे किसनरावाले कोणं सांगितलं? तिले रोज भिजवलेले हरभरे भेटतात. त्या हरभऱ्यायकडे पाहून आमचा निवृत्ती उसासे टाकते. आणि उपाशी ठेवणाऱ्या ह्या घरी किसनरावानं एका बैठकीत किती धिरडे खाल्ले, ते त्याले विचारा (नका विचारू, तो खरं सांगणार नाही).

तुमच्या पत्रानंतर मी ढोरायच्या दवाखान्यातल्या डॉक्टराले घेऊन आलो. मोठा सज्जन माणूस. त्यानं घोडीचे दात पाहिले, डोळे पाहिले, आणि मले समजावलं की फाल्गुनात पडितातलं गवत नुसती काडी होऊन जाते, त्यात कस राहत नाही. वरून घोड्याले घाम फार, घामासंगं मीठ जाते. ते भरून काढाले ती माती चाटते. तिले मीठ द्या, क्षार द्या, भूक तर तिची चांगली आहे. हे तुम्ही किसनरावाले वाचून दाखवा. शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं वाचा.

मंग म्या बाजारातून मिठाचा मोठा खडा आणला आणि पडितातल्या बाभळीले दोरीनं टांगला. घोडीच्या तोंडाशी येईन असा, मापानं. दुपारी जाऊन पाहतो तर बाभळीखाली सभा भरलेली. कडूबाच्या म्हशी, गावच्या बकऱ्या, कोणाचं तरी गाढव, समदे आळीपाळीनं चाटून राह्यले, आणि तुमची घोडी दूर उभी राहून पाहून राह्यली. खानदानी आहे, पंगतीत घुसत नाही. संध्याकाळी नुसती दोरी लोंबत होती. तीही एक बकरी चावत होती.

डॉक्टर म्हणे, असा खडा नको, औषधी वीट आणा. मीठ, चुना, लोह, काय काय कालवून थापलेली असते, लालसर रंगाची. तीही म्या मागवली. ओल लागू नये म्हणून कागदात गुंडाळून सैपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि बैलजोडी पाहाले नांदुऱ्याले गेलो. इथं माझी चूक झाली. घरात बायको आहे आणि महिना फाल्गुनाचा आहे, हे माणसानं विसरू नये.

त्याच दिवशी आमच्या अंगणात उडदाचे पापड लाटाले साऱ्या आळीच्या बाया जमल्या. पीठ कुटून झालं, पाट-लाटणे मांडले, आणि पापडखार कमी पडला. आमच्या घरच्यायनं (म्हणजे गोजरबाईनं, तिचं नाव मी पत्रातच घेऊ शकतो) फळीवरचा कागद सोडला, वीट जिभेले लावून पाह्यली, खारट लागली, जराशी कडवट लागली. धन्यानं न सांगता खार आणून ठेवला म्हणून तिले माझं कौतुक वाटलं. लग्नानंतर पह्यल्यांदाच. विटेचा कोपरा खलबत्त्यात गेला, तो पुरला नाही म्हणून दुसरा गेला. मी आलो तवा अंगणभर पापड वाळत होते, जरासे तांबूस, आणि बाया म्हणत होत्या, औंदा पापडाले रंग काय आला बाई!

त्यातलेच पापड तुमच्याकडे धाडले, भगवंतराव. मंग तुमची दुसरी चिठ्ठी आली, तिच्यातली एकच ओळ गोड होती, ती म्हणजे "पापड फार उत्तम झाले, जेवणात दोन वेळा घेतो." मी डॉक्टराले घाबरत घाबरत विचारलं. तो पोट धरून हासला. म्हणे, तेवढ्यानं काही होत नाही, झालं तर पाव्हण्यायच्या अंगावर तकाकी येईन. म्हणून गुडघ्यायचं विचारलं मी वरती, उगीच नाही विचारलं.

दुसरी वीट आली, ती म्या कोणाले दिसू दिली नाही. पडितात लाकडाची पेटी ठोकून तिच्यात ठेवली, भवताल काटे लावले, घोडीले आत नेऊन उभं केलं. तिनं वास घेतला आणि माझ्याकडं असं पाह्यलं, जसं काही मी तिले उष्टं वाढलं. मी चुचकारलं, गोंजारलं, जबडा धरून विटेपाशी नेला. नाही. मंग मले वाटलं, जनावर पाहून शिकते. इकडंतिकडं पाह्यलं, कोणी नव्हतं, मी गुडघ्यावर बसलो आणि सोता वीट चाटून दाखवली. चांगली दोन-तीन खेपा, जीभ बाहेर काढून, तिले दिसावं म्हणून.

घोडी शिकली नाही. तिनं माझी घामानं भिजलेली बंडी चाटाले सुरुवात केली. आणि काट्यायच्या पलीकडे आमचे सरपंच रंगराव उभे होते. "चालू द्या पुंजाजीभाऊ," एवढंच म्हणून गेले. त्या दिवसापासून गावात मले कोणी जेवले का असं विचारत नाही, वीट झाली का असं विचारतात.

शेवटी तोड गोजरबाईनंच काढली. विटेले वरून गुळाचं पाणी लावलं. घोडीनं गूळ चाटता चाटता खालचं चाटलं, आणि गूळ सरला तरी चाटतच राह्यली. आता ती कडूबाच्या भिंतीकडं पाहत नाही. बरगड्या बुजल्या, अंगावर हात ठेवला तर घसरते. तुमची अट पुरी झाली. तरी शालूबाईले पाठवून द्यावं. तिच्या सासूले हाताखाली कोणी नाही, आणि मुख्य म्हणजे निवृत्ती रोज संध्याकाळी एस.टी.च्या थांब्यावर उगीचच जाऊन बसते. विचारलं तर म्हणते, हवा खातो. तेवढीच खाते सध्या.

एक गोष्ट लिहू का, रागावू नका. घोडीसाठी तुम्ही लेक ठेवून घेतली, हे मले पह्यल्या दिवसापासून पटलं नाही. तुमच्यानं लेक सोडवत नव्हती, आणि किसनरावानं कारण आयतं आणून दिलं. मीही लेकीचा बाप आहे. आमची विमल सासरी जाले निघाली की दर खेपेले नेमकं आमच्या गाडीचं चाक निखळते, आणि ते मले दोन दिवस दुरुस्त करता येत नाही. म्हणून तुमचा राग आला तरी फार वेळ टिकला नाही. लेक पाठवा, आणि तिच्यासंगं तुम्हीही या. घोडीचं निमित्त करून महिनाभर राहा.

आपला,
पुंजाजी

ता. क. पत्र टाकाले निघालो होतो, तर थांब्यावर एस.टी. उभी राह्यली आणि तिच्यातून शालूबाई उतरली. हातात पिशवी, संगं तिची मावशी सुभद्राबाई. तुम्हाले शेगावले दर्शनाले जातो म्हणून सांगून निघाली म्हणे. तर तुम्ही काळजी करू नका, तिनं खोटं सांगितलं नाही. दर्शन खरंच घेतलं, प्रसाद याच पाकिटात घातला आहे. फक्त परतीची गाडी उलट्या दिशेची धरली. निवृत्ती तिथंच होता, हवा खात. त्यानं तिची पिशवी तेवढी घेतली. वरच्या पत्रात मी जे मागितलं ते आता मागत नाही. तिची पेटी मात्र पाठवून द्या.

ता. क. दुसरा. हे पत्र अजून टाकलं नाही, कारण सकाळी आणखी एक झालं. सूनबाई घोडीले पाहाले पडितात गेल्या, बराच वेळ आल्या नाही म्हणून गोजरबाई मागं गेली. पाहते तर घोडी चरून राह्यली आणि सूनबाई पेटीपाशी बसून विटेचा तुकडा तोंडात धरून आहेत. गोजरबाईनं तिले जवळ घेतलं आणि हात धरून घरी आणलं. नवऱ्याच्या कानावर आधी घालायचं होतं, म्हणून सूनबाई तुमच्याकडे गप्प राह्यल्या. विहीणबाईले राग येऊ देऊ नका.

वीट आम्ही काढून ठेवली, चिंचा आणल्या. पह्यलं बाळंतपण माहेरचं, ही रीत तुम्हाले मी सांगाले नको. सातवा लागला की लेक तुमच्याकडंच येईन, आणि चांगले पाच-सहा महिने राहीन. तवा ठेवून घ्या, भगवंतराव. आमची तक्रार नाही.