पुढून दीड इंच वर

अप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आपलं वर्कशॉप अजून चालू आहे, एग्मोर स्टेशनच्या मागच्या त्याच गल्लीत. लॉरीचे पाटे आता फारसे येत नाहीत. लोक पिकअप घेऊन येतात, माल वाहायला नव्हे, हौसेने घेतलेल्या, आणि म्हणतात, अक्का, पुढून उचलून द्या. या गाड्यांची मागची बाजू ओझ्याचा विचार करून मुळातच उंच ठेवलेली असते, त्यामुळे रिकामी गाडी मान खाली घातल्यासारखी दिसते. मग पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर एक जाड चकती बसवायची, की गाडी सपाट झाली. गाडी उचलली की खालची चाकं लहान वाटायला लागतात, म्हणून टायरही मोठे घालायचे. तुम्ही असतात तर विचारलं असतं, "कशाला?" आणि मी म्हणाले असते, छान दिसतं, एवढंच. पण खरंच छान दिसतं, अप्पा.

गेल्या महिन्यात एक जण असाच आला. साताऱ्याचा, इथे ओरगडमच्या कारखान्यात इंजिनियर. मराठी आहे कळल्यावर मी मराठीत बोलले, तर हसू दाबत म्हणाला, "मॅडम, तुमचं मराठी माझ्या पणजीसारखं आहे." मी म्हटलं, आमची माणसं तंजावरला आली ती परत गेलीच नाहीत, भाषा तेव्हाचीच राहिली. त्याला खूप मोठे टायर हवे होते. मी नाही म्हणाले. आरटीओ अडवेल, विमा मिळणार नाही, आणि गाडीलाही ते पेलणार नाहीत. शेवटी गाडीची कंपनी स्वतःच परवानगी देते त्या मापावर तो राजी झाला, आणि पुढून दीड इंच वर. घाई मात्र फार होती. त्याचे वडील पहिल्यांदाच चेन्नईला आले होते आणि शनिवारी त्यांना येलगिरीच्या डोंगरावर न्यायचं होतं. आपल्या लिफ्टवर दुसरी गाडी गिअरबॉक्स उघडून बसलेली, म्हणून मी सगळं काम जमिनीवरच जॅक लावून केलं. अलाइनमेंट केलं, गल्लीतून एक फेरी मारली. शुक्रवारी संध्याकाळी गाडी बघून तो लहान मुलासारखा तिच्याभोवती फिरत राहिला. "एक नंबर, मॅडम!" म्हणाला. मला ते फार आवडलं.

तुम्हाला आठवते का ती जॉर्ज टाउनच्या कांद्याच्या व्यापाऱ्याची जीप? मी वीस वर्षांची आहे, तुमचा जुना डगला बाह्या दुमडून घातलाय, आणि जीपला मोठे टायर मी एकटीने बसवलेत. व्यापारी खूश आहे. तुम्ही बँकेतून येता, सायकल भिंतीला लावता, टेबलावरचा खडू उचलता आणि मडगार्डच्या आतल्या कडेला फासता. "आता वळव." मी स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवते. "दुसऱ्या बाजूला." उतरून बघते तर काळ्या टायरवर पांढरा पट्टा उमटलेला. व्यापारी, आपले मेकॅनिक, समोरचा पंक्चरवाला, सगळे बघताहेत, आणि तुम्ही मोठ्याने म्हणता, "उभ्या गाडीला काय विचारतेस? वळलेल्या गाडीला विचार. रस्त्यात ह्याचं टायर फुटलं तर तू जाणार काय तिथे?" मी काही तरी सांगायला जाते. "पोदुम," तुम्ही म्हणता, पुरे, आणि आत निघून जाता. मी नऊ दिवस तुमच्याशी बोलले नाही. दहाव्या दिवशी खुंटीवर माझ्या मापाचा नवा डगला होता, शिंप्याकडून शिवून आणलेला. मी तो घातला आणि कामाला लागले.

तर, त्या शनिवारी सकाळी मी वेस्ट मांबलमच्या घरात कॉफी करत होते. दूध उतू जायला आलं आणि मी बघतच राहिले, कारण डोळ्यांसमोर ती पिकअप आली होती. सगळं मी चाक सरळ ठेवून तपासलं होतं. पुढचा भाग उचलला की ब्रेकचं ऑइल नेणारा रबरी होज पाइप ताणला जातो आणि रुंद टायरच्या आणखी जवळ येतो, हे मी आपल्या मेकॅनिकना शिकवते. चाक लोंबतं ठेवून, शेवटपर्यंत वळवून बघायचं असतं. ते मी केलंच नव्हतं. तो घाट चढणार होता, घाटात वळणंच वळणं, आणि मग सगळी उतरण.

मी फोन लावला. श्रीपेरुंबुदूरच्या पुढे हायवेवर एका हॉटेलात ते इडली खात होते. मी म्हणाले, "गाडी हलवू नका, मी येते आहे." "का? काय झालं?" आणि अप्पा, माझ्या तोंडून निघालं, "त्या चकत्यांच्या किटमध्ये दोष असल्याचं आत्ता कळलंय. विकणाऱ्याचा निरोप आलाय." कुणाचाही निरोप आला नव्हता. तासाभरात मी माझी गाडी घेऊन तिथे पोचले, मागून टोइंगवाल्याला यायला सांगितलं होतं. पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, त्याला स्टिअरिंग वळवायला लावलं आणि खाली वाकले. होज पाइप टायरला टेकला होता. वरचं रबर नखाएवढ्या जागेत घासून चकचकीत झालं होतं. एवढ्याशा प्रवासात तेवढं. डोंगर चढून उतरेपर्यंत काय झालं असतं, ते मी अजूनही पुरतं मनात येऊ देत नाही.

तो मुलगा सारखं म्हणत होता, "मॅडम, तुम्ही स्वतः आलात! आजकाल कोण करतं एवढं?" मी माझ्या गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, तुम्ही फिरून या, ही मी घेऊन जाते. तो सामान हलवायला लागला. त्याचे वडील मात्र तिथेच उकिडवे बसले होते. एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी घाटात गेलेली. त्यांनी त्या चकचकीत जागेवरून बोट फिरवलं, मग वर माझ्याकडे बघितलं.

"बाई, किटात काही नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणाले. "मी चाक वळवून बघितलं नव्हतं."

त्यांनी बोट रुमालाला पुसलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "पोराला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

टोइंगच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून परत येताना मी मनाशी किती तरी वाक्यं जुळवली. त्यातलं निम्मं मला वाचवणारं होतं. लिफ्ट रिकामी नव्हती, त्यालाच घाई होती. हे सगळं खरंच होतं, आणि त्यातल्या कशानेही काही फरक पडत नव्हता. सोमवारी मी नवा, लांब होज घातला, त्याची पकड टायरपासून दूर हलवली, आणि चाकं लोंबती ठेवून इकडून तिकडे इतक्यांदा वळवली की मेकॅनिकने विचारलं, "अक्का, काही हरवलंय का?"

बुधवारी तो आला. माझी गाडी धुऊन, पुसून आणली होती आणि मागच्या सीटवर माझ्यासाठी साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा डबा. मी डबा हातात घेतला नाही, आधी सांगितलं. किटमध्ये दोष नव्हता, चूक माझी होती, आणि फोनवर मी खोटं बोलले. तो आधी हसला, त्याला गंमत वाटली असावी. मग त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबांना घेऊन मी..." एवढंच म्हणाला. गाडीकडे बघत पुढे म्हणाला, "सगळं काढा. होती तशी करून द्या." मी आता सगळं नीट झालंय म्हणून सांगू शकले असते, झालंही होतं. पण त्याचा विश्वास मी कोणत्या मापाने मोजून दाखवणार होते? मी चकत्या काढल्या, जुने टायर चढवले, अलाइनमेंट पुन्हा केलं. तो शेजारी उभा राहून प्रत्येक चाक बघत होता. जाताना नुसता नमस्कार केला. नंतर त्याने कुठे आपल्याबद्दल वाईट लिहिलं नाही, चांगलंही नाही. पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवून गेला होता. वडिलांनी आग्रहाने द्यायला लावला असणार, असं मी धरून चालले आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहायला जमतंय. तुम्हाला हे सगळं वाचून वाटलं असतं की मुलीने शेवटी नीट केलं. तसं वाटू देणं बरोबर नाही, म्हणून हेही लिहिते. तो आला तेव्हा दोघे मेकॅनिक तिथेच काम करत होते. तोंड उघडायच्या आधी मी त्यांना चहाला पाठवून दिलं.