सुशीलेच्या शेजारची जागा

९ फेब्रुवारी, रविवार
उपासनेला अकरा डोकी. माझ्या बाकावर मी एकटा. सुशीला गेल्यापासून तो बाक जणू माझ्या नावावर करून दिलाय. अगदी मागे टेकबहादूर नि त्याची बायको मनमाया. नेपाळचे, आंब्याच्या हंगामात वरच्या बागेत राखणीला येतात. तिला मराठी ओ की ठो कळत नाही, पण गीत सुरू झालं की आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं सूर धरते. आज खोकत होती. निघताना "सलाम, बाबा" म्हणाली. आठवडाभरात कुणी आपणहून मारलेली हाक ही एवढीच.

१३ फेब्रु.
मनमाया प्रभूत निजली. न्यूमोनिया. टेक दारात येऊन उभा राहिला. चहा दिला, तो तसाच निवला. तिला आपल्या सिमेट्रीत माती द्यायची म्हणतो. गावी नेणार तरी कसा?

संध्याकाळी चर्चच्या कमिटीची बैठक. सेक्रेटरी दाविदराव म्हणाले, "ती आपल्या मंडळीची सभासद नव्हती." मी उसळलोच. "मग आपण कसले ख्रिस्ती? गीतं म्हणण्यापुरते?" पोफळीला पॉवरहाऊसात होतो तेव्हा युनियनच्या मीटिंगांत बोलायचो तसा बोललो, टेबलावर हात आपटून. दाविदरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरुणराव, खाली सगळा कातळ. खणण्याजोगी माती आता एकाच ठिकाणी उरलीय. सुशीलाबाईंच्या शेजारी. तुमची जागा ती."

एवढं भाषण ठोकलेलं, नि आता टेबलावरचा हात खाली घेतला. पाळकसाहेब म्हणाले, सकाळपर्यंत सांगा.

दाविदराव काही चुकीचं बोलले नाहीत. बरोबर बोलला, मेला.

१४ फेब्रु.
शेवटच्या दिवसांत सु.ला शब्द दिला होता. ती म्हणायची, "सावकाश या. पण दुसरीकडे कुठे जाऊ नका." आता?

सकाळी पाळकसाहेबांना फोन केला. "द्या" म्हटलं. टेकला जागा कुणाची ते कळू द्यायचं नाही, एवढं बजावलं.

चारला दफन. मूठभर माती टाकली. ओठांवर प्रार्थना, आत नुसता राग. त्या बिचाऱ्या मेलेल्या पोरीचा राग! काय माणूस आहे मी.

१६ फेब्रु., रविवार
पाळकसाहेबांनी प्रवचनात माझं नाव घेतलं. "खरा ख्रिस्ती पाहायचा असेल तर..." सगळ्यांच्या माना माझ्याकडे. टेक आला नव्हता, नशीब. पुढचं ऐकवेना, उठून बाहेर आलो. खऱ्या ख्रिस्त्याला आतून एवढं कडू लागतं का? विचारू कुणाला? असलं सगळं जिला विचारायचो, तीच...

दिवसभर कुणी आलं नाही. कौतुक करून सगळे आपापल्या घरी जेवायला गेले.

१९ फेब्रु.
पुण्याहून ज्योत्स्नाचा फोन. "आईच्या शेजारी परकी बाई? अहो बाबा, मला विचारायचं तरी! नि तुमचं काय?"
"मी अजून जिवंत आहे," म्हटलं. तिनं फोन ठेवला. परत लावला तर पोरगी उचलत नाही.

शेजारच्या आपट्यांच्या कानावर गेलेलंच. मधल्या दगडी गडग्यावरून म्हणाले, "आमचं बरं हो, अरुणराव. मूठभर राख नि पुढे समुद्र. जागेची कटकट नाही." हसलो त्यांच्याबरोबर. आत येऊन रडलो. लपवायचं कशाला, इथं कोण बघतंय.

२४ फेब्रु.
ज्यो.चा फोन नाही. भात लावला, खावासा वाटला नाही. सिमेट्रीत जायला पाय उचलत नाही. सु.ला तोंड काय दाखवू?

२ मार्च, रविवार
उपासनेला गेलो नाही, सरळ सिमेट्रीत. टेक तिथं. दोन्ही कबरींवरचा पाला झाडून काढलेला, तगरीची फुलंही दोघींना सारखी. मला बघून उठला. म्हणाला, "माताजी का भी साफ किया, बाबा. दोनों बाजू-बाजू में है ना." दोघंही तिथेच बसलो, बराच वेळ. सु. गेल्यापासून तिच्याजवळ मी दुसऱ्या कुणासोबत बसलो नव्हतो. राग शोधला, सापडेना.

मग टेक घुटमळत म्हणाला, "बाबा, तुम्ही कमिटीत आहे ना? इसके बाजू में मेरे लिए जगह रखोगे? अभी नहीं. जब होगा तब."

मनमायेच्या पलीकडे कातळ. सलग, थेट गडग्यापर्यंत. त्यालाही दिसत होताच. मी त्याचा हात हातात घेतला. "बघू," म्हटलं.

उद्या दाविदरावांना गाठतो. कातळ फोडून घेता येईल का, विचारतो. निदान एक जागा तरी. एकच झाली तर कुणाची, ते अजून स्वतःलासुद्धा विचारलेलं नाही.