भाऊजींची गाडी, होती तशी

किर्यू, २८ ऑगस्ट

तीर्थरूप तोमिएताई,

धाकट्या कुनिओमीचा चटईला कपाळ टेकवून नमस्कार. (टेकवताना काही वाटलं नाही, उठताना मात्र टेबलाचा पाय धरावा लागला. सत्तरीत नमस्कारही जपून घालावेत.) तुझा गुडघा कसा आहे? रात्री ठणकतो का अजून? तुमच्या मुराकामीला निदान समुद्राचा वारा तरी आहे. इथे किर्यूत उन्हाळा असा ठाण मांडून बसलाय की घरमालक तो आणि भाडेकरू आम्ही. तू पाठवलेला खारवलेला सामन पोचला. रोज भातावर एक तुकडा, असा नियम केला होता. नियम चार दिवस टिकला, मासा तीन दिवस.

आता गाडीचं. मागच्या पत्रात तू एकच ओळ लिहिलीस, 'गाडीचं कुठवर आलं?' आणि खाली सही. लहानपणी मी पाढे चुकलो की तू अशीच एक ओळ बोलायचीस आणि मग जेवणभर गप्प राहायचीस. तेव्हा सगळं सांगतो. मध्ये उठू नकोस.

एप्रिलमध्ये भाऊजींची फेअरलेडी गाडी तुझ्या पडवीतून काढून ट्रकवर चढवली, तेव्हा तू फाटकाशी उभी राहून म्हणालीस, "ऑक्टोबरात यांचं तेरावं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी गाडी स्वतःच्या पायांनी देवळापर्यंत यायला हवी. होती तशी कर, बाकी काही नको." मी छाती ठोकून हो म्हटलं. चाळीस वर्षं मागांची दुरुस्ती केलेला माणूस मी, रेशमाचा धागा न तोडता माग उघडून परत बसवणारा. गाडी ती काय मोठी! (हे वाक्य मी ट्रकवाल्यासमोरही म्हटलं होतं. तो माझ्याकडे बघून नुसता हसला. तेव्हाच समजायला हवं होतं.)

'होती तशी' म्हणजे कशी, हे मी तुला विचारलं नाही. विचारलं ते नुमाजिरीला. हा आमचा इथला जुन्या गाड्यांचा पीठाधीश. निवृत्त मोजणी कारकून, पण गाडीच्या बाबतीत साक्षात शंकराचार्य. त्याच्याकडे गाडी कारखान्यातून निघाली त्या सालचं माहितीपुस्तक आहे, ते तो रेशमी रुमालात गुंडाळून आणतो आणि पानं उलटायच्या आधी हात धुतो. त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, आत डोकावला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "अरेरे! कुनिओमी, तुझ्या भाऊजींनी हिची पार वाट लावली आहे रे. काय काय बदलून ठेवलंय!"

आणि खरोखर, ताई, भाऊजींनी बरंच काही बदललं होतं. चालकाची सीट खाली फळी घालून चार बोटं उचललेली. तिन्ही पेडलांवर लाकडाचे ठोकळे, वर रबर चिकटवलेलं. क्लचची स्प्रिंग बदलून इतकी हलकी केलेली की कुणी पोराने दाबावी. पुढच्या टोकाला असतात ते आरसे खालच्या बाजूला वळवलेले. जागेवरचं स्टिअरिंग काढून लहान लाकडी बसवलेलं. लोक अशा गाडीत बदल करतात ते ती जोरात पळावी म्हणून. तिचं पोट जमिनीला टेकवतात, सायलेन्सर असा लावतात की गल्लीतली म्हातारी माणसं पांघरूण ओढून घेतात. भाऊजींच्या बदलांनी गाडी तसूभरही जोरात पळणार नव्हती. नुमाजिरीचा निकाल असा पडला की तुझ्या नवऱ्याला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी मान डोलावली. (तुझ्यापासून लपवत नाही, जरा बरंही वाटलं. विशीत मी भाऊजींच्या किती विनवण्या केल्या होत्या, एकदा तरी चालवू द्या म्हणून. दर वेळी म्हणायचे, "मालकाला विचारावं लागेल." मला वाटायचं, मालक म्हणजे तुझ्या सासूबाई. त्यांना विचारायची छाती कुणाची होती?)

मग काय, मी सगळं पूर्ववत करायला घेतलं. समुद्राच्या खाऱ्या हवेने तळाचा पत्रा पापडासारखा झाला होता, तो कापून नवा बसवला. रंग पाच हात. पुस्तकातल्यासारखं काळं मोठं स्टिअरिंग नागोयाहून मागवलं. क्लचला मूळची कडक स्प्रिंग घातली. ती दाबताना माझ्या मांडीला गोळा येतो, पण नुमाजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. सीटखालची फळी काढली. ठोकळे काढले. काढायच्या आधी प्रत्येक वस्तूशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो घ्यायचा, ही त्याची शिस्त. तीनशे बारा फोटो आहेत. माझ्या लग्नाचे अकरा आहेत.

जुलैत इंजिन सुरू करायचा दिवस ठरवला, रविवार, सकाळी दहा. आवाज होणार म्हणून आदल्या दिवशी गल्लीतल्या अकरा घरी टॉवेल आणि गोड मांजूंचा पुडा घेऊन गेलो, दारात वाकून आगाऊ माफी मागून आलो. परिणाम असा झाला की दहाला अकराही घरं फाटकाशी हजर. समोरच्या आजींनी तर बसायला स्टूल आणलं. मी किल्ली फिरवली. खर्र. पुन्हा फिरवली. खर्र. अर्धा तास झाला, आजी म्हणाल्या, "अहो, आवाज काही फार नाही हो." प्लगच्या सहा वायरींतल्या दोन मी उलटसुलट जोडल्या होत्या, हे कळलं दुपारी चारला, तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. इंजिन लागलं आणि ऐकायला मी एकटा. संध्याकाळी पुन्हा अकरा घरी गेलो, सकाळी आवाज न झाल्याबद्दल माफी मागायला. त्यावर परतभेटी सुरू झाल्या. घरात सात कलिंगडं झाली होती, ताई. मी आणि नुमाजिरी आठवडाभर कलिंगडावर होतो.

इथवर तुला हसू येत असेल तर हसून घे. पुढचं लिहायला मी दोन दिवस टाळाटाळ केली.

पितरांच्या ओबोन सणाला आपल्या आईबाबांच्या पूजेसाठी सानाए आली होती. माझी लेक ती, बापाची चूक काढल्याशिवाय तिला जेवण जात नाही. फोटोंचा गठ्ठा चाळता चाळता एकावर थांबली. क्लचच्या डावीकडे, चालक रिकामा पाय टेकवतो तिथे, चटईवर बुटाचा ठसा उमटला होता. वर्षानुवर्षं टेकून झिजलेला, टाचेपासून बोटांपर्यंत अख्खा. शेजारी नुमाजिरीची फूटपट्टी. सानाए म्हणाली, "बाबा, हा पाय बावीस सेंटिमीटरचा आहे. आतोबांना कितीचे बूट लागायचे?"

अठ्ठावीसचे. ते काय मी विसरेन? आपल्या घरी आले की प्रत्येक दाराच्या चौकटीला त्यांचं डोकं लागायचं. आणि बाविसाची पावलं आपल्या घरात एकाच माणसाची.

 मग एकेक धागा आपोआप सुटत गेला. लग्नानंतर तू दर गुरुवारी फुलांची रचना शिकायला जायचीस. दोन वर्षं शिकलीस आणि आईच्या पूजेपुढे कधी एक धड फूल मांडलं नाहीस, आई म्हणायची, "पोरीच्या हातात कलाच नाही, त्याला कोण काय करणार?" भाऊजी पहाटे समुद्राकडे मासळीचा भाव बघायला जायचे आणि त्यासाठी तुलाही उठवून न्यायचे, हे तर आम्हाला नेहमीच चमत्कारिक वाटायचं. भाव काय दोघांनी बघायचा असतो? आणि भाऊजी गाडीत कसे बसायचे ते आठव. गुडघे कानाशी, मान छताला घासलेली, जसा काही लोणच्याच्या बरणीत मुळा कोंबलाय. आम्ही सगळे हसायचो. मी तर नक्कल करून दाखवायचो. त्यांनी एकदाही ती सीट खाली केली नाही. चाळीस वर्षं तसेच अवघडून बसले, आणि सासूबाईंच्या दुकानापुढून जाताना तू शेजारी मांडीवर पिशवी घेऊन, गाडीतलं काही न कळणाऱ्या बाईसारखी.

ताई, गाडी तुझी होती. तू तसं कधी म्हणाली नाहीस, आणि मी विचारलं नाही. तू 'होती तशी कर' म्हणालीस, आणि मी ती कारखान्यातल्या मुनिमांना आवडेल अशी करून ठेवली. जे त्यांनी तुझ्यासाठी हाताने केलं होतं, ते वेचून वेचून काढलं आणि वर म्हटलं, त्यांना काही कळत नव्हतं. मला लाज वाटते. एवढंच सरळ लिहितो, याला दुसरे शब्द नाहीत.

नुमाजिरीला सांगितलं. त्याने पुस्तक रुमालात गुंडाळलं आणि म्हणाला, "मूळ म्हणजे काय, ते या पुस्तकात नाही बहुतेक." त्या दिवसापासून आम्ही दोघे उलटं काम करतोय. हलकी स्प्रिंग कपाटात जपून ठेवली होती, ती परत बसवली. सीटखालची फळी बसवली. लहान स्टिअरिंग बसवलं. आरसे खाली वळवले. गाडी तपासणीतून जाईल, त्याची काळजी करू नकोस. तपासनीस माझा जुना गिऱ्हाईक नाही, पण सीट उंच असणं हा काही गुन्हा नाही.

सगळ्यांना माझे नमस्कार सांग. खोकला आला तर आल्याचं पाणी घे. उत्तर लवकर पाठव.

तुझा आज्ञाधारक (एवढ्यापुरता तरी)
कुनिओमी

ता. क. वर काय काय परत बसवलं ते वाचलंस ना? ठोकळे नाही बसवले. ते नाहीत. मी टाकले. नुसते टाकले असते तर कुठे तरी सापडलेही असते, पण तुझा भाऊ पडला नियमाचा माणूस. रबर सोलून वेगळं केलं, खिळे उपटून वेगळे केले, लाकूड मंगळवारच्या जळणाऱ्या कचऱ्यात, रबर गुरुवारच्या न जळणाऱ्यात, खिळे महिन्याच्या लोखंडात; पारदर्शक पिशवीवर नाव लिहून, कचऱ्याच्या नाक्यावरच्या चौकीदारकाकूंना नमस्कार करून. चटईसुद्धा आधी धुतली, मग टाकली. कचरा धुऊन टाकणारा आपल्या घराण्यातला मी पहिलाच. भाऊजींनी तुझ्या पावलाच्या मापाने तासलेलं तेवढंच लाकूड होतं आणि त्याचा कण उरला नाही. याबद्दल तुला जे म्हणायचं असेल ते म्हण, मी ऐकून घेईन.

दुसरा ता. क. फोटोतून ठोकळ्यांची लांबी-रुंदी कळते, जाडी कळत नाही. म्हणून सोबतच्या खोक्यात चेरीच्या लाकडाचे तिन्ही पेडलांसाठी तीन संच पाठवतोय, पातळ, मध्यम, जाड. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर उशी घे, भिंतीला लावून ठेव आणि पायाने दाबून बघ. बूट घालून. कुणी आलं तर सांग, गुडघ्याचा व्यायाम आहे. आणि लायसन्स? तू ते सोडलेलं नसणार, हे मी पैजेवर सांगतो. जी बाई बारा वर्षं बंद गाडीचा कर भरते, पण नंबराची पाटी परत करून त्यातून सुटत नाही, ती सत्याहत्तराव्या वर्षी म्हाताऱ्यांची ती परीक्षाही गुपचूप देऊन आली असेल, फुलं शिकायला जाते म्हणून.

तिसरा ता. क. हे सगळं पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो, कारण पाकीट चिकटवायच्या आधी धीर करायला हवा. गाडी मी मुराकामीला आणणार नाही. मला त्या सीटवर बसता येत नाही, आणि येत असतं तरी आणली नसती. श्राद्धाच्या आठ दिवस आधी तू इथे ये. नदीकाठच्या मैदानात दोन दिवस हात बसव, मग डोंगर ओलांडून सावकाश जाऊ, वाटेत एक मुक्काम करू. मी डावीकडे बसेन, मांडीवर पिशवी घेऊन. देवळाच्या फाटकातून गाडी तू आत ने, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर. ज्याला जे वाटायचं ते वाटू दे. ज्यांच्यापासून चोरून ठेवायचं होतं ती माणसं आता राहिली नाहीत. ठोकळ्यांचा जो संच पायाला लागेल तो टपालाने परत पाठवू नकोस. घेऊन ये. आणि तिकीट एकेरीच काढ.