बारावं नाव

प्रिय चिमणे,

मुख्याध्यापिका झालीस तरी तू मला चिमणीच. तुझ्या पत्राने डोकं तापलं. पटावर बारा गरजू मुलं असतील तरच जादा वाचनवर्गाला अनुदान, अकरा झाली की वर्ग बंद. हा नियम करणाऱ्याने अकरांपैकी एकाला समोर बसवून सांगावं की, बाळा, एक डोकं कमी भरलं म्हणून तू अडाणी राहा. कॉन्व्हेंटमधल्या माझ्या सिस्टर छडी मोजून मारत, पण धडा मोजून देत नसत.

तू तिथे नवी, म्हणून विचारतेस की खिडकीजवळची मुलगी तीन वर्षांत एकदाही गैरहजर कशी नाही. ती तापाने गेली, तेव्हा तो वर्ग माझ्याकडे होता आणि तपासणी आठ दिवसांवर होती. नाव कमी केलं असतं तर बाकीची अकरा उघड्यावर पडली असती. मी मुलांना म्हटलं, तिचं नाव आलं की कुणीतरी 'हजर' म्हणा. साहेबांनी कागद मोजले, डोकी नाही. वर्षभराने मी निवृत्त झाले आणि माझ्यामागून आलेल्यांनी माझीच री ओढली.

गेल्या महिन्यात तू मला त्या वर्गावर बदली शिक्षिका म्हणून पाठवलंस. मुलं सगळी नवी, तिला कुणी पाहिलेलंही नाही. तरी तिची खुर्ची रिकामी, पुसलेली, पुढे पुस्तक उघडं. म्हटलं, हे पान कोण उलटतं? एक मुलगी म्हणाली, "बाई, तिचा तो धडा झाला ना." हजेरी घेतली. तिचं नाव येताच मागून 'हजर' आलं. कुणाचे ओठ हलताना दिसले नाहीत. कोण बोललं विचारलं, तर अकराही बोटं खिडकीकडे. एकही कार्टं हसलं नाही. मी, जिने उभा जन्म पोरांच्या लबाड्या पकडल्या, खाली मान घालून पुढचं नाव वाचलं.

हे तुला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. काल मात्र तिची आई दारात आली. लाँड्रीत इस्त्री करते ती. अनुदानाच्या नियमाने प्रगतिपत्रक टपालाने घरी जातं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलगी गेल्यानंतर आलेली सहा पत्रकं तिने इस्त्री करून जपलीत. पहिलं माझ्या अक्षरात: 'वाचनात सुधारणा, आवाज स्पष्ट.' ती रडली नाही, भांडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "बाई, वर्ग किती वाजता सुटतो तेवढं सांगा. मी फाटकाशी थांबते, तिला रस्ता ओलांडायची भीती वाटते." म्हणून हे पत्र. पहिली खोटी हजेरी माझी, असं मी अनुदानाच्या ऑफिसला लिहून दिलंय. अनुदान बंद झालं तर त्या अकरांना मी फुकट शिकवीन आणि त्या नियमाशी भांडेन, जीभ अजून शाबूत आहे. तू एवढंच कर. नाव कमी करण्याआधी एकदा शेवटची हजेरी घे. ती 'हजर' म्हणाली की तिला सांग, वर्ग सुटला, आई बाहेर उभी आहे.

तुझीच, आता कुठल्याच पटावर नसलेली,
मावशी